नातीची नळी वळण पार झाली

अहो, नमस्कार. बसून वाचा, बातमी चांगली आहे.

छाती न फाडता शिरेतून हृदयापर्यंत घालायची ती नळी तुमच्या नातीला जमली! काचेच्या नकली शिरेत घालून बघते ती; वळणावर नळी घासायची, अडकायची. "आजी, सोडून घरी जाते," म्हणाली, ते मी कळवलंच होतं.

परवा इथे तिच्याकडे भांडी घासून मी रबरी हातमोजे काढले. मेले उलटतात, बोटं आत राहतात. फुंकर मारली तशी बोटं फटाफट बाहेर आली. पोरगी ओरडली, "आजी, परत फुंक!" सात वेळा फुंकायला लावलं.

"बघ, टोकातून उलगडत जातं, घासतच नाही!"

म्हटलं, "हे मी रोज करते. तू इतकं शिकलीस कशाला?"

मग तिने नळीला पाण्याच्या दाबाने तसंच उलगडणारं पातळ अस्तर लावलं. काल पहिल्याच फटक्यात वळण पार! तिचा साहेब खुर्चीवर चढून नाचला.

गोळ्या वेळेवर घेता ना? खोटं लिहू नका, सून सगळं कळवते.

पोरगी परत येणार म्हणून तिची खोली झाडून ठेवली असेल, तर तिथे खुशाल बटाटे पसरा.

लांबूनही लक्ष ठेवणारी,
तुमची कारभारीण