साबणावर बसलेले आजोबा

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे तुमची धाकटी बहीण ठणठणीत आहे आणि मी तिच्या धाकात बरा आहे.

पत्रास कारण आमची नात. परदेशी वाढलेली, चार वर्षांची. तिला तिच्या आईची भाषा येते, आपली नाही. फोनवर मी दिसलो की अर्ध्या मिनिटात तोंड फिरवून बाहुलीकडे पळते. ताई, फार लागतं हो ते. म्हणून सदुसष्टाव्या वर्षी मी ती भाषा शिकायला घेतली. सकाळी पाठ केलेले शब्द दुपारच्या चहापर्यंत पसार. मग डोकं चालवलं. चौतीस वर्षं मी टपालखात्यात पत्रं लावली. कुठलं गाव कुठल्या खणात, हे हातालाच पाठ होतं. तेव्हा शब्दांनाही जागा द्यावी म्हणून परके शब्द आपल्या अक्षरांत लिहून घरभर चिठ्ठ्या डकवल्या. खुर्ची, साबणदाणी, कपाट, बशी, काही सोडलं नाही. (एक तुमच्या बहिणीच्या पाठीवरही लावणार होतो, पण तिच्या हातात उलथनं होतं.) तूही शीक, असं मी तिला म्हटलं होतं, या वयात तुला काय जमणार, असंही बहुधा म्हटलं असेल.

तेवढ्यात रंगारी आला आणि चिठ्ठ्या निघाल्या. रंग वाळल्यावर तुमच्या बहिणीने त्या परत लावल्या, सगळ्या भलत्याच जागी. मला आधीचं काही आठवत असतं तर चूक कळली असती! मी आपला इमानेइतबारे तीन आठवडे घोकत बसलो, आणि या खेपेला शब्द पक्के बसले. रविवारी नातीला ऐटीत सांगितलं की आजोबा साबणावर बसतात, खुर्चीने तोंड धुतात आणि आजी बशीत झोपते. पोरगी जमिनीवर लोळून हसली. पंचवीस मिनिटं फोन सोडला नाही. अर्थ मुलाने सांगितला तेव्हा मी तुमच्या बहिणीवर बराच ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "अहो, घाईत लावल्या, चुकल्या असतील."

आता नात रोज फोन मागते आणि पुढच्या महिन्यात इथे येते आहे. माझ्यापाशी शब्द तीस, तेही चुकीचे. असो. प्रकृतीस जपा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. काल फिरून आलो तर स्वयंपाकघरातून तीच परकी भाषा ऐकू आली. तुमची बहीण नातीशी घडाघडा बोलत होती, मध्येच दोघी खिदळत होत्या. रोज फडकं मारता मारता तिने सगळ्या चिठ्ठ्या पाठ केल्या होत्या आणि बोलायची वाक्यं फोनवर नातीकडूनच उचलली होती म्हणे. म्हणजे घाईत काही चुकलं नव्हतं.

आणखी एक. ती तुमचं ऐकते. मला शिकव, एवढं तिला सांगा. मला विचारायला तोंड राहिलेलं नाही. मी लिहिलं हे मात्र बोलू नका.

शेवटचं. आज बागेत चार फेऱ्या मारून आलो, कोट काढला, तर पाठीवर चिठ्ठी. अक्षर तुमच्या बहिणीचं. शब्द मला येत नाही. नातीला वाचून दाखवला, तर तिला हसू आवरेना. तेवढा अर्थ तुमच्या बहिणीकडून काढून कळवा.