दिवसा लावलेलं दार

१५ जानेवारी, गुरुवार
ऑफिसचं ऑनलाइन व्याख्यान. घरून काम करताना शिस्त कशी पाळावी. बाई म्हणाल्या, घरातला एक कोपरा फक्त कामासाठी राखून ठेवा. बाईंना आमची लालबागची खोली दाखवायला हवी. एका कोपऱ्यात देव, एकात मोरी, एकात गॅस, उरलेल्यात कपाट. मी कपाटाला टेकून बसते. कुणाला पातळ काढायचं असलं की लॅपटॉपसकट सरकते.

ऑफिस पुण्याला हलल्यापासून हे असं. घरून जमलं नाही तर पुणे, नाहीतर राजीनामा. निखिल (साहेब, माझ्याहून लहान) महिनाअखेरीस ठरवणार. नवरा म्हणतो, जमेल गं. त्याचं काय जातंय, तो डबा घेऊन शिवडीच्या गोदामात पळतो.

१६, शुक्र.
मीटिंग चालू. शेजारच्या राणेकाकू आत. सासूबाईंकडे (यापुढे सा.बा., शाई वाचेल) वाटीभर सुकट मागितली आणि स्क्रीनमध्ये डोकावून निखिलला, "जेवलंस काय रे?" सगळे हसले. निखिल सोडून. नंतर त्याचा मेसेज, ही जागा कामाची वाटत नाही.

तळपायाची आग मस्तकात. काकूंचा राग, निखिलचा राग, सगळ्यात जास्त त्या सताड उघड्या दाराचा. सकाळी उघडतं ते रात्री झोपतानाच लागतं. अख्ख्या मजल्याचं तेच.

१९, सोम.
दार लावलं. आतून कडी. कानात हेडफोन. झपाट्यानं काम. सा.बा. बाजारातून आल्या त्या दार ठोकून ठोकून लालबुंद.
"दिवसाढवळ्या दार कित्याक लावलंस गो? घरात कोण मेला काय?"
"काम होतं, आई."
"आमी काय कामां करूक नाय? पण दार लावूक नाय कधी."
त्यांच्या हातची पिशवी घेतली. बोलायला हवं होतं.

२०, मंगळ.
परत कडी. माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका दिवसभर हिरवागार. निखिलने अंगठा पाठवला. संध्याकाळी कळलं ते असं: राणेकाकू दुपारी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या होत्या, हातात करंडा. दार वाजवलं, मला ऐकू गेलं नाही. घरात माणूस असून कुंकू दारावरून परत गेलं, हे आता गॅलरीभर झालंय. सॉरी म्हणायला गेले तर, "तुमचा ऑफिस आसा. आमी कशाक मधी येवचा?"
तुमचा! परवापर्यंत 'गो' होते मी.

२२, गुरु.
आमच्याकडचं हळदीकुंकू. अर्धी रजा टाकली. दार उघडं. सा.बा.नी हरभरे भिजवलेले, बोरं, तिळगूळ, वाणाला स्टीलच्या वाट्या. नवी चादर अंथरली. कुणी नाही. मजल्यावरच्या बायका दारासमोरून जात होत्या, आत न बघता. शेवटी खालच्या मजल्यावरची नवी सून आली, तिला भानगड माहीत नसावी. सा.बा.नी तिला दोन वाट्या दिल्या.
बाकीच्या पुसून पेटीत ठेवल्या. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. वाईट वाटतंय आणि त्याचाही राग येतोय. नवरा म्हणाला, "तू जरा समजून घे." ह्याच्या डोक्यात घालू का एक वाटी?

२३, शुक्र.
सकाळी सा.बा., "बस कामाक." पाट घेऊन गॅलरीत गेल्या, दार ओढून घेतलं, बाहेरून कडी. म्हटलं, चला, कळलं एकदाचं. एवढं काम जन्मात केलं नव्हतं. तुंबलेलं सगळं हातावेगळं. दुपारी निखिल: घरूनच चालू ठेवा, फक्त हेच वातावरण राहू दे.
जिंकले.
उठले. संडास गॅलरीच्या टोकाला. दार ओढलं. "आई, कडी काढा."
बाहेर बांगड्या. हसणं. वाट्यांचा आवाज. पेटी उघडून बघितली, रिकामी. कधी नेल्या कोण जाणे. राणेकाकूंचा आवाज, "सून खंय?"
"कामात आसा. तिका हाक मारू नको."
दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. बाहेर कुणाच्या कानात हेडफोन नव्हते.
नवरा फोन उचलत नाही. लिहितेय, कडी अजून तशीच