मंजू, तुझ्या गाण्यांवर वर्धा नाचलं

प्रिय मंजू,

काल संध्याकाळी वर्ध्यात तुझी सहाही गाणी वाजवली. आधी हुर्यो, मग टाळ्या, मग अख्खं मैदान उभं! तुला हे सांगितल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरेना, म्हणून लिहायला बसलोय.

आठवतं? सेलूला रूपेशच्या घरी, त्याच्या ड्रमशेजारी तू लॅपटॉप मांडलास. जिनिंगमध्ये जाऊन कापसाच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड केलेला, त्यावर कीबोर्डचे लांब, थरथरते सूर. मी अर्ध्यातच बंद केलं. म्हटलं, "आपला रॉक बँड आहे, पिठाची गिरणी नाई!"

"पंक्या, पूर्ण ऐकून तर घे बे! तेच ते किती वर्षं वाजवून राह्यलो आपण?"

मी गिटार उचलून निघून गेलो. दोन महिने बोललो नाही. वाटलं, तूच येशील समजूत काढायला. तू काऊन येशील? चूक माझी होती.

मग तुझी कावीळ. नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू बेशुद्ध होतीस. इतकी काय घाई होती गं? भांडण तरी पुरं करायचं!

तेरवीनंतर तुझे बाबा तो लॅपटॉप घेऊन आले. "मी जन्मभर गणित शिकवलं, मले यातलं काही समजत नाई. पण पोरगी रोज यावरच बसून राहे. तुमीच पाहा."

सहा गाणी होती. प्रत्येकात मध्येच थोडा भाग रिकामा, आणि त्यावर तू लिहिलेलं: 'पंक्याची जागा'. मी तुझ्याशी बोलत नव्हतो, आणि तू माझी जागा राखत होतीस! किती रडलो, ते रूपेशलाही माहीत नाही.

मग शिकलो. रूपेशनं अर्धे ड्रम बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनिक पॅड घेतले. मी कीबोर्डशी झटलो. गिटार वाजवली ती फक्त तू ठेवलेल्या जागांवर.

काल पहिल्याच गाण्याला मागून ओरड आली, "ओ भाऊ, जुनं वाजवा ना!" रूपेशनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, थांबायचं नाही. तेवढ्यात जिनिंगचा ठेका सुरू झाला. समोरच्या पोरी आधी डोलायला लागल्या, मग उड्याच! तिसऱ्या गाण्याला ओरडणारेच पुढे येऊन नाचत होते. शेवटी तुझं नाव सांगितलं, तर मैदानभर तुझाच गजर, मंजू!

पहिल्या रांगेत तुझे बाबा. कडक इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी. संपल्यावर म्हणाले, "पोरा, ते तिसरं आणखी एक डाव होईन का?" वाजवलं. त्यांनी पायानं ठेका धरला! तू कधी पाहिलं होतंस त्यांना असं?

पुढच्या महिन्यात आष्टीला, तुझ्या गावी वाजवतोय. आणि हा शब्द घे: या सहा गाण्यांची पूजा करत आम्ही बसणार नाही. आणखी नवीन करू, आणखी विचित्र करू. लोकांनी स्टेजवरून खाली उतरवलं, तरी करू!

तुझ्याच बँडमधला,
पंकज