बियाचं कुमक्वाट

आप्पा, जरा बसा आणि ऐका. मध्येच उठून पाइप बंद करायला जायचं नाही. मी काही बोलायला लागले की तुम्हाला नेमका कुठलातरी नळ आठवायचा. आता कुठं जाल?

होटगी रस्त्यावरची आपली नर्सरी अजून मला तिथल्या शेणखताच्या वासासकट आठवते. दारातच ती मोठी कुंडी, आणि तिच्यात तुमचं लाडकं कुमक्वाट. बोराएवढी लांबुळकी केशरी संत्री, सालीसकट खायची. साल गोड आणि गर आंबट. गिऱ्हाईक 'हे काय हो?' म्हणून थांबायचं, तुम्ही त्याला जंबेरीच्या, त्या रानटी लिंबाच्या, खुंटावर डोळा कसा भरला याची सगळी कथा ऐकवायचात आणि शेवटी गुलाब विकायचात. मी तेव्हा पाचवीत. एक फळ गुपचूप तोंडात टाकलं आणि त्याच्या बिया डालड्याच्या डब्यात लावल्या. उगवल्या की! एकेका बीतून दोन-दोन कोंब. मी नाचत डबा घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही तो हातात घेतलात, निरखून बघितलात, आणि सरळ खताच्या ढिगावर पालथा केलात. "नर्सरीवाल्याची पोरगी आन् बी लावतीस व्हय? बियाचं झाड शब्दाला जागत न्हाय. धा वर्षं नुसता पाला खाऊ घालतंय, मग काय लागंल ते त्याचं त्यालाच ठावं." मी एवढा गळा काढला की आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकून धाव घेतली, आणि ती भाकरी करपली म्हणून मग आईनं तुम्हाला झापलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शेजारी बसवून डोळा भरायला शिकवलंत. जंबेरीच्या सालीला चीर, चिरेत कुमक्वाटच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा, वरून पट्टी. खाली रानटी खुंट, वर आपली जात. आणि घरातला तो कायदा, जो आईला, मला, सगळ्यांना पाठ होता: जोडाच्या खाली फुटवा दिसला की मोडायचा, विचारत बसायचं नाही. तो खुंटाचा रानटी फुटवा. ठेवला तर वरचं चांगलं झाड मारतो. आपली बोटं त्यासाठी इतकी वळलेली की मला बघायला आले होते ना, त्याच्या परतभेटीला आपण गेलो, तेव्हा आईनं बोलता बोलता त्यांच्या गुलाबाच्या बुडाचा फुटवा कट्कन मोडला. सासूबाई पुढं वीस वर्षं सांगत राहिल्या की मुलगी पसंत आहे म्हणायच्या आधीच विहीणबाईंनी आमच्या झाडाला हात घातला. तुम्ही तिथं भिंतीकडं तोंड करून हसत होतात, मी बघितलं होतं.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात कुंडीतल्या झाडाला शेवटची मूठभर फळं होती. माणसं भेटायला येत-जात होती, आणि मी दारात उभी राहून ती फळं खाल्ली. रडत खाल्ली, खोटं कशाला सांगू. बिया पदराला बांधल्या आणि घरी येऊन लावल्या. तुम्हाला डिवचायलाच लावल्या म्हणा ना. पुढच्या उन्हाळ्यात तुमचं कलम शेंड्यापासून वाळत जोडापर्यंत आलं. पावसात बुडातून हिरवागार फुटवा आला, मला वाटलं, वाचलं! चार पानं मोठी झाली तर काय, जंबेरी. हे एवढाले काटे. कुमक्वाटचा मागमूस नाही. तुमच्या कायद्याचा अर्थ मला त्या दिवशी खरा कळला, आणि त्याची दुसरी बाजूही कळली. कलमाचं वरचं गेलं की खालून परकंच येतं. मग माझं बियाचं रोप एवढंच काय ते तुमच्या झाडातलं उरलं. डिवचणं बाजूला राहिलं, मी त्याला जीव लावून बसले.

तर हे झाड आमच्या परसात, धुण्याच्या दगडामागं, स्वतःच्या मुळांवर वाढतंय. वाढतंय म्हणजे काय, रांगतंय. लिंबाची रोपं त्याच्या नाकावर टिच्चून पुढं गेली. वर्षामागून वर्षं नुसता पाला. आमचे हे दर संक्रांतीला विचारायचे, "काय गं, तुझ्या आप्पांचं भाकीत कुठवर आलं?" मी म्हणायचे, थांबा जरा. तीन उन्हाळ्यांमागं आम्ही सगळेच भाच्याच्या लग्नाला नातेपुत्याला गेलो, इकडं शेजारीण पाणी घालणार होती तर नळाला पाणीच आलं नाही, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं. परत येऊन बघते तर झाड शेंड्यापासून बुडापर्यंत काटकी. तरी वाळलेला भाग कापला, पाणी दिलं, रोज उठून बघत राहिले. आणि एक दिवस बुडातून फूट आली, आप्पा! मातीलगत, लालसर, टम्म फुगलेली. याला जोडच नव्हता, म्हणजे खालून येईल ते कुमक्वाटच. मी त्या आनंदात ऑफिसला गेले आणि दिवसभर सगळ्यांना लाडू वाटल्यासारखी हसत होते.

संध्याकाळी आले तर आई दगडावर बसून शेंगा फोडत होती. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच असते, पण हे झाड बियाचं आहे हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं; तिच्या लेखी झाड म्हणजे कलम. मला म्हणाली, "तुझ्या झाडाच्या बुडाला जंबेरी फुटली होती, काढून टाकली बघ समदी. तुला वेळ न्हाय, म्हटलं आपणच करावं." एकही कोंब ठेवला नव्हता. इतक्या सफाईनं काढलेले की बघत राहावं. मी ओरडले. कधी नाही ती आईवर ओरडले. "आई, ते कलम नव्हतं गं! ते बियाचं होतं! आप्पांच्या झाडाचं होतं!" तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. आधी तिला कळेचना. मग कळलं, आणि ती एवढीशी झाली. "म्या ह्यांचं झाड मोडलं व्हय गं?" असं म्हणाली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्या रात्री दोघींनी भाकरी नुसती चिवडली.

पण तुमची बायको गप्प बसणारी आहे का? दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या बुडख्याचा ताबाच घेतला. चार काटक्या रोवून वर जुन्या लुगड्याची सावली केली. स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी आधी त्याला, मग तिला. माझ्या हाताला तिथं मज्जाव. त्याच्याशी बोलायचीसुद्धा, आणि बोलणं म्हणजे शिव्याच: "ए मुडद्या, रुसायचं आता बास. तुझ्या धन्यावर गेलास बघ, एकदा रुसला की आठ-आठ दिस." मी दारामागं उभी राहून ऐकायचे आणि हसू दाबायचे. मृग गेला, काही नाही. आर्द्राही तशाच चालल्या होत्या, मी मनातून त्याचा नाद सोडला होता. तेवढ्यात एका सकाळी आईची हाक, "अगं ये, ये की लौकर!" मला वाटलं पडली. धावत गेले तर ही बया पदर खोचून जमिनीवर ओणवी, आणि बोटानं दाखवतेय. एकच कोंब. आम्ही दोघी परसात एकमेकींचे हात धरून उभ्या. शेजारीण भिंतीवरून विचारते, "काय लॉटरी लागली का काय?"

तो कोंब वाढला, यंदा पावसात त्याला पांढरी फुलं आली आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पहिली दोन फळं पिवळी, मग केशरी झाली. आता खरी धाकधूक होती. झाड जगलं, पण चव काय निघणार? पहिला मान आईचा. तिनं एक पुसलं, सालीसकट तोंडात टाकलं, डोळे मिटले. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळं चावायला वेळ लागला आणि इकडं माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "तेच हाय की गं." मी उरलेलं एक खाल्लं. साल गोड, गर आंबट, डिट्टो. जागलं हो शब्दाला, आप्पा! मी परसात गिरकी घेतली आणि गिरकी पुरी होताना तोंड आपोआप दाराकडं वळलं, तुम्हाला सांगायला.

तिथं कोण असणार? आई बघत होती माझ्याकडं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाहीये, घडी करून गव्हाच्या डब्याखाली सारेन. पण एवढं लिहिलंच आहे तर सांगून टाकते. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला तुम्हाला हरवायचंय. परवा हरवलं, आणि अजिबात मजा आली नाही. तुम्ही ते फळ चाखून तोंड वाकडं करायला हवं होतं, आणि 'एकदा आलं म्हंजी काय झालं? पुढल्या वर्षी बघू' असं काहीतरी खोडसाळ बोलून मला परत चिडवायला हवं होतं. मला जिंकायचं नव्हतंच, आप्पा. मला तुमच्याशी अजून भांडायचं होतं.