तुझ्या आईचं नाव पंचफुला

प्रिय माय,

तुझ्या आईचं नाव पंचफुला.

हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग. काल संध्याकाळी पाटणबोरीहून घरी आले तेव्हापासून हे नाव नुसतं ओठांवर घोळतंय. ज्याला सांगितलं त्याला ते एक जुनं नाव वाटलं. यांनी "बरं झालं, सापडलं एकदाचं" म्हटलं आणि जेवायला बसले. त्यांचा तरी काय दोष? हे नाव तुला सांगायचं होतं. तू असतीस तर हातातलं सूप खाली ठेवलं असतंस आणि म्हणाली असतीस, "आणखीन एकडाव म्हण बरं."

पंचफुला, माय. पंचफुला.

तू गेलीस त्यानंतर मी तुझ्या मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरायला गेले होते. तुझं नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं, तुझ्या वडिलांचं, सखारामचंही लिहिलं. खालच्या ओळीत होतं, "मृताच्या आईचे नाव". पेन तिथंच अडला. खिडकीतला माणूस म्हणाला, "माहीत नसंल तं रेघ मारा ना ताई, मांगं लाइन हाय." मी रेघ मारली. अंगणवाडीत मी रोज लेकरांच्या आयांची नावं लिहिते. एखादी लाजून बोलली नाही तर दोनदा-तीनदा विचारते. आणि माझ्या मायच्या मायच्या जागी रेघ मारून घरी आले!

तू सांगायचीस ते एवढंच. दीड-दोन वर्षांची असताना तुझे मायबाप दोघंही गेले आणि नेरच्या काकानं तुला वाढवलं. नाव? "कोणी घेतलंच नाही वो तिचं नाव. मंग मले कसं माहीत राहीन?" असं म्हणून तू चुलीकडे वळायचीस.

दिवाळी झाली की शेजारच्या बाया भावाच्या मोटारसायकलवर बसून माहेरी जायच्या. तू दारात उभी राहून प्रत्येकीला निरोप द्यायचीस, आणि मग चार दिवस डबे घासायचीस, वाकळा धुवायचीस, घरातलं एकही भांडं सोडायची नाहीस. मला वाटायचं, मायला कामाचा फार सोस आहे. माझं लग्न झालं आणि मी माहेरपणाला आले की तू मला पाण्याचा गिलाससुद्धा उचलू द्यायची नाहीस. "बस तू. माहेरी आली ना? मंग बसून राह्य." माहेर कसं असतं हे तुला कोणी शिकवलं होतं गं?

तर मी शोधायला निघाले. आधी नेरला गेले, देविदास मामाकडे. तुझ्या काकाचा मुलगा तो, तुझ्याहून लहान, त्याला काय ठाऊक असणार! म्हणाला, "बुढा कधी बोललाच नाही वंदना. बाई मेलती म्हणे, एवढंच." पण तो माझ्यासोबत तुझ्या शाळेत आला. दोन वर्गांपर्यंतची का होईना, तुझी शाळा! तिथल्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात तू सापडलीस: कौसल्या सखाराम, पालक काका, जन्मगाव बोरखेडी, तालुका केळापूर. तू नेरची नव्हतीसच, माय! मामाही बघतच राहिला.

मग पांढरकवडा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागायला अर्ज केला. गावातले जन्म-मृत्यू पूर्वी कोतवाल लिहायचा, ते हे बुक. तिथल्या बाबूंना वाटलं, जातीच्या पडताळणीसाठी पुरावा हवा असेल; बहुतेक लोक त्यासाठीच येतात. मी म्हटलं, "नाही भाऊ, आईची आई शोधते आहे." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या खेपेला पान काढून ठेवलं होतं. पिवळं पडलेलं, कडेला वाळवीनं खाल्लेलं. त्यावर सखाराम होता, मौजे बोरखेडी होतं, आणि पुढं लिहिलं होतं, "मुलगी".

बस. जिनं जन्म दिला तिचं नाव नाही.

"यात बाईचं नाव नसते ताई, बापाचंच राह्यते," बाबू म्हणाले. त्यांनी सातबारा बघायला सांगितला, सखारामच्या नावावर जमीन नव्हती. मतदार यादी इतकी जुनी मिळेना. मी बाहेर येऊन चहाच्या टपरीजवळ उभी राहिले. समोरून हैद्राबादकडे ट्रकामागून ट्रक जात होते. वाटलं, माझी माय जन्मली याचा पुरावा आहे आणि तिला कोणी जन्म दिला याचा नाही. हे कुठलं लिहिणं?

कागद संपले तेव्हा मी बोरखेडीला गेले. म्हटलं, निदान तुझ्या जन्माची माती तरी बघून येऊ.

विहाराजवळच्या ओट्यावर जनाबाई नावाची एक म्हातारी तूर निवडत बसली होती. वय कोणालाच सांगता येईना. मी सखारामचं नाव घेतलं. तिनं निवडायचं थांबवलं नाही.

"तापानं गेला तो? हो. ज्वान होता."

"त्याची बायको पण गेली ना लगेच?"

आता तिचा हात थांबला. "कोण, पंचफुला? ते कायले मरते? तिच्या बापानं तिचा पाट लावून देल्ला पाटणबोरीले. ज्वान पोरगी, किती दिवस घरी ठेवन? सासरच्यायनं सांगतलं, आमची पोरगी अठीच राहीन. दूध तोडून नेली वो लेकराची माय. लेकरू मंग काकानं नेरले नेलं."

पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. माय, ती मेली नव्हती. तिचं दुसरं लग्न लावून दिलं आणि तुला मागे ठेवून घेतलं. मी ओट्यावरच बसले. जनाबाईनं तुरीचं सूप बाजूला सारून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तू कोणाची वो?" मी सांगितलं, "त्याच लेकराची."

काल बोरखेडीहून मी तशीच पाटणबोरीला उतरले. पंचफुलाबाईचं घर विचारत विचारत गेले. दार लोटलेलं होतं. हाक मारल्यावर सत्तरीला टेकलेली एक बाई डोळ्यांवर आडवा हात धरून बाहेर आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"पंचफुलाबाईचं घर हेच का?"

"माही माय होय ते. जाऊन गंज वर्सं झाली. तुमी कोण?"

मी उगाच विचारलं, "तुमचं नाव काय?"

"कौसल्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईचं नाव कौसल्या."

ती उंबरठ्यावर खाली बसली. भिंतीचा आधार घेऊन. मग माझा हात धरून मला चेहऱ्याजवळ ओढलं, इतकं जवळ की तिचा श्वास गालाला लागला. "म्हंजे तू मोठीची? नेरच्या मोठीची?"

तिला माहीत होतं, माय! तुझी बहीण तिथं बसली होती आणि तिला तू माहीत होतीस! तिला घरात सगळे लहानी म्हणायचे. एकुलती एक पोर, आणि लहानी! एकदा तिनं आईला विचारलं, "मी लहानी, तं मोठी कुठं हाय?" आजी म्हणाली, "हाय. नेरले हाय." नवऱ्याच्या घरात पहिल्या लेकीचं नाव काढायची बंदी होती. म्हणून आजीनं दुसऱ्या लेकीला तेच नाव ठेवलं. मग कोण अडवणार? दिवसभर अंगणातून हाक मारायची, "कौसल्ये, वो कौसल्ये!" मावशी म्हणाली, "कधी कधी मी पुढ्यातच राहो, तरी दाराकडे तोंड करून हाका मारे. मले समजे, हे हाक माही नाही."

ऐकतेस ना? ज्या वेळी तू नेरच्या अंगणात एकटी खेळत होतीस, त्याच वेळी कोणी तरी तुला घरी बोलावत होतं.

मी विचारलं, "मग ती आली का नाही कधी?"

"आलती ना. एकडाव गेलती नेरले, मले कडेवर घेऊन. तिच्या दिरानं वेशीतच थांबोलं. म्हणे, पोरीले सांगून टाकलं तू मेली म्हणून. लय रडली, आता चूप झाली. तू आता जित्ती होऊन तिले कायले रडवतं? माय तशीच माघारी आली. म्हणे, माह्यापायी लेकरू दोनदा नको रडाले. मंग ते मेलीच राह्यली."

नेरच्या आजोबांना, तुझ्या काकांना, वाईट म्हणू का गं? तूच सांग. त्यांनी तुला पोटच्या पोरीसारखं जेवू घातलं, तू त्यांच्या आठवणीनं डोळे पुसायचीस. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "मले ठाऊक असतं तं मी तिले खांद्यावर घेऊन गेलो असतो." मला राग धरता येत नाही. पण सोडताही येत नाही.

मग मावशीनं ते विचारलं. "मोठी कशी हाय?"

त्या प्रश्नासाठी मी काहीच तयारी केली नव्हती. म्हटलं, "मावशी, माय मागच्या वर्षी गेली."

ती रडली नाही. माझा हात कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "दुखलं का तिले लय?"

नाही म्हटलं. तुला माहीत आहे ते खोटं आहे. पण मी नाही म्हटलं.

तिनं मला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही. अंदाजानं पीठ घेतलं, चाचपत भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी वाढली. मी उठू लागले तर म्हणाली, "बस तू. मोठीच्या घरचं पयलं माणूस आलं."

आपण आदिलाबादला लग्नाला गेलो होतो, आठवतं? मी सातवी-आठवीत असेन. बस पाटणबोरीला थांबली आणि तू खिडकीतून हात काढून सीताफळं घेतलीस. तेव्हा आजी जिवंत होती. त्या स्टॅंडपासून तिचं घर दिसतं, माय. माझ्या लग्नातही ती जिवंत होती. अक्षता टाकायला एका बसनं आली असती. तू एकदा तरी हट्ट का केला नाहीस गं? काकाचं धोतर धरून, "माही माय कुठं गेली, दाखवा" असं का म्हणाली नाहीस? तू फार शहाणी पोर होतीस, हेच चुकलं.

आजीचा एकच फोटो आहे, मतदार कार्डावरचा. मावशीनं पेटीतून काढून दिला, मी मोबाइलमध्ये घेतला. गाल बसलेले, नाकात चमकी, पदर घट्ट. बाजूला दुसऱ्या नवऱ्याचं नाव. फोटोवाल्यानं समोर बघायला सांगितलं असेल, पण ती बाजूला कुठे तरी बघते आहे. मी रात्रभर तो मोठा करून, लहान करून पाहिला. तू कोणासारखी होतीस, ते आता कळलं.

माय, तुला एक शब्द देते. मावशी तिथं एकटीच असते. लेक सुरतेला, वर्षातून एकदा येतो. पोळा झाला की मी तिला इथं लोहाऱ्याला घेऊन येणार आहे. डोळ्यांचं ऑपरेशन यवतमाळला करून घेऊ, मी डॉक्टरांना विचारलंय. पट्टी सुटेपर्यंत आणि त्यानंतरही, तिला वाटेल तितके दिवस ती आपल्या घरी राहील. मी तिला कामाला हात लावू देणार नाही. आणि परत जाताना भरल्या पिशवीनं, नवं लुगडं नेसून जाईल. दर दिवाळीला मी स्वतः तिला आणायला जाईन. दोघी बहिणींपैकी एकीला तरी माहेर मिळेल, हे मी बघते. तू काळजी करू नको.

सकाळी तिचा फोन आला होता. मी उचलला तर म्हणाली, "काही काम नाही वो. नुसतं पाहून राह्यली, खरंच आलती का तू."

तुझी लेक, पंचफुलेची नात,
वंदना