गल्लीच्या टोकाचा नळ

मंगळवार, संध्याकाळ

"म्हणजे यात कुणाची चूक नाही ना, बेटा?" शमीमभाभींनी विचारलं आणि मी होकारार्थी मान हलवली. का हलवली? मला सांगता येत नाही.

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. पाण्याच्या वेळेला त्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. मी इंजिनिअर झाले, म्हणून विश्वासाने बोलावलं त्यांनी. मी कागदावर पाइपांचं जाळं काढलं. लांबी, घर्षण, टोकापर्यंत कमी होत जाणारा दाब, सगळं समजावलं. एक सोडून. मधल्या घरांनी पाणी ओढायला थेट लाइनला लावलेल्या मोटारी. त्यातली एक आमची.

ती फुसफुस कानात घेऊनच घरी आले. आईला म्हटलं, मोटार काढू या.

"सगळेच लावतात. तू एकटी शिकलीस म्हणून आम्ही कोरडं राहायचं?"

खरं तर पाणी भरण्यात माझ्या कॉलेजची वेळ चुकू नये म्हणूनच बाबांनी ती बसवली होती. शी.

आमची एक मोटार काढून भाभींच्या नळाची फुसफुस थांबणार नाही, एवढं गणित मला येतं. तरी बाबांचा पाना घेऊन ती सोडवली. मग भाभींकडे परत जाऊन सांगून आले, "चूक आहे, भाभी. आमचीही."