झेंडा वर जाईपर्यंत

२१ फेब्रुवारी २०१४, सकाळी
रात्रभर फटाके. इथे तेलुगू मुलखात वेगळं राज्य मंजूर झालं. गल्लीत धुरामुळे समोरचा माणूस दिसेना. सगळे खोकत होते आणि हसत होते. मी पण. खोकला फटाक्यांचा आहे, जाईल.
तातेराव मामा म्हणाले, यंदा चौदा एप्रिलला, जयंतीला झेंडा चढवताना बिगुल तू वाजव. लगेच हो म्हणालो. गावाकडे हा मान अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. नियम कडक आहे. बिगुल वाजतोय तोवरच दोरी ओढायची. सूर तुटला की दोरी थांबली. अण्णांचा सूर झेंडा टोकाला गेला तरी संपत नाही. मी इकडे निघालो तेव्हा त्यांनी त्यांचा जुना बिगुल मला दिला. रक्त तेच आहे, प्रॅक्टिसची गरज नाही. तरी उद्यापासून करणार. पहाटे पळणार पण.

२२ फेब्रुवारी
मेट्रोच्या खांबांच्या धुळीत रस्ताच दिसला नाही. परत येऊन झोपलो. याला आळस म्हणत नाहीत.

२६ फेब्रुवारी, दुपारी, दिलसुखनगर
कामाबद्दल लिहायचं राहिलं. मी प्रदूषण कंट्रोलमध्ये आहे. रस्त्याकडेला आमची व्हॅन. गाडी आली की मी सायलेन्सरमध्ये नळी घालून उकिडवा बसतो. आत मालक प्रतापराव सर्टिफिकेट छापतात. मशीन बंद आहे, प्रिंटर चालू आहे. मालक म्हणतात गिऱ्हाइकाला नळी दिसली पाहिजे, बास.
आज एक ऑटो नुसता डांबर ओकत होता. मी म्हणालो, चाचा, धूर जरा जास्त आहे. तो म्हणाला, "धुआं नै निकला तो गाडी चलती कैसी, मियां?" मुद्दा बरोबर. पास.
प्रतापरावांच्या मते धूर म्हणजे तरक्की. नवं राज्य झालं की नंबरप्लेटी बदलतील, कागद बदलतील, मोठा सीझन येईल. मला असिस्टंट मॅनेजर करणार आहेत. सध्या व्हॅनमध्ये आम्ही दोघंच.

५ मार्च
गच्चीवर प्रॅक्टिस. सूर गोड निघाला. आखूड होता, पण गोड. मनकर्णा मामीने खालून विचारलं, काय पडलं.
दोष पितळेचा. चिंच लावून बिगुल घासला. आता आरशासारखा आहे. आवाज तोच.
मामी म्हणते, रात्रभर खोकतोस, शेजारचे विचारतात. मिरची भजी आजपासून बंद.
(संध्याकाळी खाल्ली. ती शेवटची.)

१६ मार्च
नाक शिंकरलं की काळं येतं. म्हणजे घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण. मामीला पटलं नाही. हिमायतनगरच्या फुकट तपासणीला ओढत घेऊन गेली.
डॉक्टरीण बाईंनी एका नळीत फुंकायला लावलं. जन्मात पहिल्यांदा नळी माझ्याकडे. काटा जरासा हलला. म्हणाल्या, पुन्हा. मग आणखी एकदा. मग विचारलं, काम काय करता?
प्रदूषण कंट्रोल, म्हणालो.
"मग, आलं का कंट्रोलमध्ये?"
हौ मॅडम, आजवर एकही गाडी नापास नाही.
बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाल्या, हे काम सोडा, मास्क लावा, हा पंप रोज ओढा. मामीचं तोंड उतरलं. येताना बसमध्ये तिला समजावलं की मशीनचं मला कुणी सांगू नये. आमच्या मशीनवर सगळे पास होतात. त्यांचं बिघडलेलं आहे.

२९ मार्च
मास्क लावला. प्रतापराव म्हणाले, गिऱ्हाईक घाबरतं. खिशात ठेवला. खिशात पण काळा झाला.
पंप ओढत नाही. बिगुलवाल्याने हवा उसनी घेऊ नये.

८ एप्रिल
जीव एका जागी राहत नाही. बसलो की उठावं वाटतं, जिना चढलो की बसावं वाटतं. सकाळी ठरवलं, नोकरी सोडायची. दुपारी प्रतापरावांनी टोपी दिली. छान आहे. नोकरी जयंतीनंतर सोडणार.
अण्णांचा फोन. तुझा बिगुल ऐकायला येतो म्हणाले. नको म्हणणार होतो, मध्येच खोकला आला. तोवर त्यांनी फोन ठेवला.

१३ एप्रिल
अण्णा आले. धर्माबादपासून मिरचीच्या पोत्याला टेकून आले, एक शिंक नाही. काचीगुडा स्टेशनचा पूल पिशव्या घेऊन सरळ चढून गेले. मी मधेच एक पोस्टर वाचायला थांबलो. पोस्टर तेलुगूत होतं. अण्णांनी वरून पाहिलं. मला तेलुगू येत नाही हे त्यांना माहीत आहे.

१४ एप्रिल, संध्याकाळी
लिहून टाकतो.
चौकात सगळी वस्ती जमलेली. दोरीला मामा. मी बिगुल लावला, सूर लागला, झेंडा निघाला. अर्ध्यावर गेला आणि छातीत कुणीतरी दार लावून घेतलं. बिगुलातून खोकला बाहेर आला. मोठ्याने. मामांनी दोरी थांबवली, नियमाचे पक्के. जयंतीच्या दिवशी झेंडा अर्ध्यावर. मागून एका म्हातारीने विचारलं, कोण गेलं गं?
पुन्हा फुंकलं. नुसता वारा.
अण्णांनी माझ्या हातातला बिगुल घेतला, धोतराने पुसला, ओठाला लावला. झेंडा टोकाला गेला, मामांनी दोरी बांधली, तरी सूर चालूच. बायका डोळे पुसत होत्या. मी पण पुसले. धूळ फार होती.

१५ एप्रिल
अण्णा सकाळी माझ्याबरोबर निघाले. व्हॅनजवळ येऊन दगडावर बसले. बघत राहिले. एक लॉरी आली, नळी घातली, पास. अण्णांनी विचारलं, नापास कधी होते? मी म्हणालो, कधीच नाही, मशीन बंद आहे ना. तेवढ्यात ते खोकले. आल्यापासून पहिल्यांदा.
म्हणाले, "किशा, मशीन बंद कुठंय? तूच हाईस की मशीन."
मी टोपी नीट केली.

१७ एप्रिल
अण्णा गेले. बिगुल घेऊन गेले. फलाटावर फेरीवाल्याकडून एक पिपाणी घेतली, माझ्या हातात ठेवली. म्हणाले, पंप ओढ, काम बदल, आणि तोवर हिच्यावर सुरू कर.
ठीक आहे. काम एक तारखेपासून बदलणार. दोन जूनला नव्या राज्याचा झेंडा चढेल, तेव्हा पुन्हा मीच.
घरी येऊन दार लोटलं. छाती भरून घेतली. सगळा जोर लावून पिपाणी फुंकली.
मामी आतून म्हणाली, कुणाचं लेकरू आलंय बघ रे, त्याला बिस्कीट दे.